माळावरच्या जिवांची वंशावळ

नांदगाव-मनमाड पट्ट्यात ओस पडलेल्या दगडी वाड्यात, बारवेच्या कमानीत किंवा सातमाळ डोंगरातल्या एखाद्या कपारीत गव्हाणी घुबड बसत असेल, तर खाली जमिनीवर अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या दिसतात. लोक त्यांना घुबडाची विष्ठा समजतात. ती विष्ठा नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळते, मांस पचवते आणि उरलेले केस व हाडे एकत्र बांधून चोचीवाटे टाकून देते. अशी गोळी बशीत कोमट पाण्यात भिजत घालावी आणि दाभणाने हळूहळू सोडवावी. राखाडी लोकरीतून आधी बरगड्यांचे तुकडे निघतात, मग कवट्या. पुढे नारिंगी रंगाचे वळलेले दात आणि त्यांच्यामागे रिकामी जागा असेल तर उंदीर. पहिल्यापासून शेवटपर्यंत टोकदार पांढऱ्या दातांची ओळ असेल तर चिचुंद्री. कधी कधी एकाच गोळीत तीन-चार कवट्या सापडतात. म्हणजे आसपासच्या शेतात आणि माळावर काय पळते आहे, याची एका रात्रीची हजेरी आपल्या बशीत पडलेली असते.

अशा हजेऱ्या हजारो वर्षे एकाच जागी साचल्या तर? अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात लामार नावाच्या गुहेत तसे झाले. शिकारी पक्ष्यांनी टाकलेली आणि गुहेतल्या उंदरांनी ओढून आणलेली हाडे तिथे सुमारे ३००० वर्षे थरावर थर रचत गेली. एलिझाबेथ हॅडली, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हाडांतून डीएनए काढून २००४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. उमा रामकृष्णन यांनी पुढे बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात भारतीय सस्तन प्राण्यांवर मोठे काम उभे केले. त्या निबंधात दोन प्राणी होते. एक गोफर, जमिनीखाली बिळे खणून आयुष्यभर तिथेच राहणारा. दुसरा व्होल, ओल्या कुरणात राहणारा आणि पिल्ले मोठी झाली की लांबवर पांगणारा. साधारण हजार वर्षांपूर्वीच्या उबदार शतकांत दोघांचीही संख्या घटली. गोफरचे जनुकीय वैविध्य त्या घसरणीत खरोखरच आटले. व्होलचे मात्र वाढले, कारण शेजारच्या वस्त्यांतले व्होल तिथे येऊन मिसळले. दरी तीच, ऊन तेच, आणि परिणाम मात्र एकमेकांच्या उलट.

हवामानाने प्राण्यांच्या जनुकांवर काय केले हा प्रश्न कुठेही विचारला, तरी मला आधी हे दोन प्राणी आठवतात. ‘तापमान वाढले, वैविध्य घटले’ असे सरधोपट वाक्य त्यांच्यापुढे टिकत नाही. प्राण्याची राहणी काय, त्याला हलता येते का, शेजारी कोणी नातलग आहे का, हे आधी पाहावे लागते.

जनुकीय वैविध्य म्हणजे काय, हे आपल्या भागात बियाण्याच्या भाषेत सांगितलेले चांगले कळते. एका गावात बाजरीचे दहा वाण पेरले जातात असे धरा. लागोपाठ तीन वर्षे दुष्काळ पडला, बरेच बियाणे खाण्यात गेले आणि चौथ्या वर्षी गावात दोनच वाण उरले. पुढे चांगला पाऊस झाला, खळी भरली, पोती मोजली तर पूर्वीपेक्षा जास्त. पण वाण दोनच. पोती काही वर्षांत वाढतात, हरवलेले वाण परत येत नाहीत; ते शेजारच्या गावातून आणावे लागतात, नाहीतर फार सावकाश नवे घडावे लागतात. प्राण्यांचेही असेच असते. म्हणूनच आज डोळ्यांना किती उंदीर दिसतात यावरून त्यांच्यातले वैविध्य कळत नाही. पूर्वी कधी त्यांची संख्या मूठभर झाली होती का, हे आजच्या जिवंत प्राण्याच्या रक्तावरूनही वाचता येते. प्रत्येकाकडे जनुकांच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. या दोन प्रती जिथे फारशा वेगळ्या नसतात, तिथे त्यांचा पूर्वज जवळच्या काळातला. जिथे खूप वेगळ्या, तिथे फार जुना. संपूर्ण जनुकसंचात असे लाखो तुकडे तपासले की त्या जातीची पैदाशीतली संख्या कोणत्या काळात फुगली आणि कोणत्या काळात आटली, याचा आलेख काढता येतो. एका प्राण्याच्या रक्ताच्या थेंबात लाखो वर्षांचा हिशेब मावतो, ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी मला थक्क करते.

हवामान आणि जनुकीय वैविध्य यांचा हिशेब युरोपात लवकर मांडला गेला, आणि तिथली गोष्ट तुलनेने सरळ आहे. हिमयुगात उत्तरेकडे बर्फ पसरले, लहान प्राणी स्पेन, इटली आणि बाल्कनच्या आश्रयाला गेले, बर्फ वितळल्यावर त्यांच्यातले थोडेच उत्तरेकडे परतले. म्हणून दक्षिणेत वैविध्य जास्त, उत्तरेत कमी. गॉडफ्रे हेविट यांनी २००० साली ही मांडणी नीट बांधून दाखवली. बेल्जियमच्या गुहांतील लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याच्या हाडांनी तिच्यात भर घातली: हिमयुगातही लेमिंग तिथे सलग राहिले नव्हते, एक वस्ती नष्ट व्हायची आणि पूर्वेकडून दुसरी येऊन तिची जागा घ्यायची.

आपल्याकडे बर्फ नव्हते. आपल्याकडे पाऊस होता, आणि पावसाचे नसणे होते. महाराष्ट्रात हिमयुग म्हणजे काय, याचे उत्तर नांदगावच्या शेजारीच मिळते. नांदगावहून भुसावळच्या दिशेने गाडीत बसले की पुढे चाळीसगाव लागते. त्या तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी पाटणे आहे. पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांच्या स्मृतीमुळे ते आपल्याला ठाऊक असते. १९७२-७३च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शं. अ. साळी यांनी तिथे उत्खनन केले आणि अश्मयुगीन हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. त्यांतल्या एका तुकड्यावर माणसाने आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या आहेत. त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे धरले जाते. गिरणेच्या खोऱ्यात शहामृग धावत होते! शहामृग गर्द रानात राहत नाही. त्याला उघडा, गवताळ, कोरडा प्रदेश लागतो. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, मोसमी पाऊस दुबळा पडला होता, हे अरबी समुद्राच्या आणि बंगालच्या उपसागराच्या तळातील गाळही सांगतो. पाटण्याची कवचे त्याच कोरड्या काळाकडे बोट दाखवतात.

भारतातले ते पक्षी खरोखर शहामृगच होते का, यावर बराच वाद होता. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी राजस्थान आणि मध्य प्रदेशातील कवचांतून डीएनए मिळवला आणि २०१७ साली तो आफ्रिकी शहामृगाशी जुळत असल्याचे दाखवले. जाड कवचाने तो डीएनए जपला. उंदराच्या बारीक हाडाला ते जमत नाही. उष्ण प्रदेशात डीएनए लवकर तुटतो, त्यामुळे लामार गुहेसारखे काम इथे करणे फार अवघड आहे. आपल्याला भूतकाळ मुख्यतः जिवंत प्राण्यांतूनच वाचावा लागतो.

तसे वाचन या विषयात सर्वांत सुंदर केले ते शोमिता मुखर्जी आणि उमा रामकृष्णन यांच्या गटाने, आणि त्यांचा निष्कर्ष नांदगावकरांनी आपल्या अंगणातला म्हणून वाचावा असा आहे. त्यांनी दोन रानटी मांजरे घेतली. एक रानमांजर, ज्याला कुठे कुठे बाऊल म्हणतात: लांब पायांचे, मातकट रंगाचे, कानांच्या टोकांना केसांचा छोटा झुपका. दुसरे बिबट्यासारखे ठिपके असलेले मांजर. त्याला आपल्याकडे वाघाटी म्हणतात, पण तेच नाव गंजी ठिपक्यांच्या चिमुकल्या मांजरालाही लावले जाते, म्हणून इथे त्याला बिबटी मांजर म्हणतो. दोघे आकाराने जवळपास सारखे, दोघे रात्री उंदीर पकडणारे, भारतात दोघांचा पसारा मोठा. तेव्हा दोघांचा जनुकीय इतिहासही सारखा असावा, अशी अपेक्षा होती. संशोधकांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यांची विष्ठा गोळा केली. ५५ रानमांजरांचा आणि ४० बिबट्या मांजरांचा डीएनए त्यातून वाचता आला. निबंध २०१० साली आला.

अपेक्षा खोटी ठरली. रानमांजरात वैविध्य भरपूर निघाले, आणि देशभरात त्याची सरमिसळही बऱ्यापैकी झालेली दिसली. त्याची संख्या कित्येक लाख वर्षांपूर्वी, प्लाइस्टोसीन युगाच्या मध्यावर, वाढलेली होती. बिबट्या मांजरात वैविध्य कमी निघाले आणि त्याचे सरळ दोन तुकडे पडलेले दिसले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. दोन गट एकमेकांपासून किती तुटलेले आहेत हे मोजण्याचे एक माप असते. शून्य आले तर पूर्ण सरमिसळ, एक आला तर पूर्ण फारकत. इथे आकडा आला ०.८६. मध्ये काय आहे, म्हणून त्यांनी हवामानाच्या नकाशावर या मांजराला मानवेल असा प्रदेश शोधला, तर मध्य भारताचा उष्ण, कोरडा पट्टा रिकामा राहिला. कडक उन्हाळा या मांजराला सोसत नाही. हिमयुगाच्या भरात द्वीपकल्पाचा अंतर्भाग त्याच्यासाठी फार तापला आणि एकसंध असलेली जात दोन्ही बाजूंना ढकलली गेली, असा त्यांचा तर्क आहे.

या तर्काचा एक भाग मला वादाचा वाटतो. सारे जग गार होत असताना दख्खनचा उन्हाळा तापला, हे केवळ आजच्या मांजरांवरून ठरवता येणार नाही. शिवाय त्यांनी वाचलेले तुकडे मायटोकॉन्ड्रियाचे आहेत, म्हणजे फक्त आईकडून आलेले. नर लांब भटकून दुवा टिकवत असतील तर तो या तुकड्यांत उमटत नाही. पण दोन मांजरांमधला फरक इतका ठसठशीत आहे की तो अशा शंकांनी पुसला जात नाही. कोरडेपणा एकाला भिंत झाला आणि दुसऱ्याला रस्ता.

ही भिंत पाहायची तर नाशिक जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून रेल्वेने दीडशे किलोमीटर पूर्वेला आले की नांदगावात तो साधारण ५०० मिलिमीटरवर येतो, आणि वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. वाटेत करवंदी-जांभळाची गर्दी मागे पडते, बोर, हिवर, बाभूळ आणि कुसळी गवत सुरू होते. ज्याला आपण पर्जन्यछाया म्हणून एका शब्दात संपवतो, ती रानातल्या जिवांसाठी वंशाची सीमारेषा आहे. नांदगावच्या माळावर रात्री बॅटरीच्या उजेडात हिरवट डोळे चमकले तर ते रानमांजराचे किंवा खोकडाचे असतात. बिबट्या मांजराच्या दक्षिणी गटाचे नातलग सह्याद्रीच्या ओल्या, गार रांगांना धरून राहिले.

हिमयुग संपल्यानंतरही पावसाचे हेलकावे थांबले नाहीत. बुलढाण्याच्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाने गेल्या दहा-अकरा हजार वर्षांची नोंद दिली. सुरुवातीला ओला काळ, आणि मग दीर्घ अवर्षणाचे दोन टप्पे: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. गोदावरीच्या मुखाजवळ समुद्रातून काढलेल्या गाळानेही हेच सांगितले. सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून १७०० वर्षांपूर्वीपर्यंत तिच्या खोऱ्यात कोरड्या हवेतल्या वनस्पती वाढत गेल्या आणि नंतर त्याच टिकून राहिल्या. नांदगावचे पाणी गिरणेतून तापीला जाते, पण शेजारच्या येवल्याचे आणि निफाडचे गोदावरीलाच मिळते. समुद्राच्या तळाशी आपल्याच शेजाऱ्यांच्या मातीचा जबाब नोंदवलेला आहे. म्हणजे आजचा माळ हा जंगल तोडून उरलेला सांगाडा आहे, ही समजूत निदान या पट्ट्यापुरती चूक आहे. आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या आयसर संस्थेतील दिग्विजय पाटील यांनी अलीकडे जुन्या मराठी वाङ्मयातील झाडा-गवतांचे उल्लेख तपासून पश्चिम महाराष्ट्राचा गवताळ, काटेरी झुडपांचा प्रदेश निदान ७५० वर्षे जुना असल्याचे दाखवले. रानमांजराचे जनुक तर हा काळ लाखो वर्षे मागे नेतात.

एवढ्या उलथापालथीत किती प्राणी नामशेष झाले असतील, असे साहजिकच मनात येते. उत्तर दिलासा देणारे आहे. आंध्र प्रदेशातील कर्नूलच्या बिल्लासुर्गम गुहांचे उत्खनन एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी केले होते. तिथे नव्याने खणून, थरांचे वय मोजून, २०१४ साली पॅट्रिक रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २१ सस्तन प्रकारांची यादी दिली. त्यांपैकी २० प्रकार गेल्या एक लाख वर्षांपासून, काही तर दोन लाख वर्षांपासून, आजपर्यंत भारतात टिकून आहेत. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात याच काळात मोठ्या प्राण्यांची दाणादाण उडाली होती. आपल्याकडे प्राणी जागा बदलत राहिले, एका खोऱ्यातून हटले, दुसऱ्यात तग धरून राहिले. त्यांना ते जमले, कारण प्रदेश तुकड्यातुकड्यांचा असला तरी तुकड्यांमध्ये वाट होती.

वटवाघळांच्या बाबतीत चित्र इतके दिलाशाचे नाही. बालाजी चट्टोपाध्याय, कृतिका गर्ग आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली जगभरातील ११ वटवाघूळ जातींचे जनुकसंच आणि त्यांच्या जुन्या अधिवासांचे नकाशे शेजारी ठेवून पाहिले. अधिवास आकसला की पैदाशीतली संख्या आकसते, ही जोडी घट्ट निघाली. गेल्या सुमारे दहा लाख वर्षांत बहुतेकांची संख्या सर्वांत खाली गेली ती १०-१२ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग संपून जग उबदार होताना. फळे खाणाऱ्या जातींना उष्णता विशेष बाधते, आणि मोठ्या कीटकभक्षी जातींची संख्या मुळातच कमी असते, असेही त्यांना दिसले. पंख असूनही ही गत. आपल्याकडे केळीच्या बागांत आणि ताडांवर फिरणाऱ्या छोट्या फलाहारी वटवाघळाचा जनुकीय अभ्यास २००१च्या सुमारास जे स्टॉर्झ यांनी ह. रा. भट यांच्यासह पुण्यात केला होता. एक नर आणि त्याच्याभोवती अनेक माद्या अशी त्यांची रचना असते. म्हणजे झाडावर शंभर वटवाघळे दिसली तरी पुढच्या पिढीत वाण उतरतो तो थोड्याच नरांचा. डोळ्यांना दिसणारी संख्या आणि पैदाशीत मोजली जाणारी संख्या यांत किती अंतर असते, हे या प्राण्याकडून शिकावे.

घरउंदीर याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्याचे सर्वाधिक वैविध्य भारतीय उपखंड आणि त्याच्या वायव्येकडच्या प्रदेशात आढळते. वायव्य भारतातील घरउंदरांवरून त्यांची पैदाशीतली दीर्घकालीन संख्या पाच-सहा लाख निघाली. माणसाची याच मापाने सुमारे १० हजार भरते. आपण ज्याला सापळा लावतो, त्याची वंशसंपत्ती आपल्या पन्नासपट आहे.

आणि मग सिंहगडचा उंदीर. आता राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या संस्थेतील मिश्रा आणि धांडा यांनी १९७५ साली सिंहगडाच्या माथ्यावरून मऊ केसांच्या उंदराची नवी जात नोंदवली आणि गडाच्या जुन्या नावावरून तिला कोंढाणा हे नाव दिले. तिचा जवळचा नातलग, शेतातला मऊ केसांचा उंदीर, ज्वारी-बाजरीच्या रानात देशभर पसरलेला आहे. एक भाऊ सगळ्या पठारावर, दुसरा डोंगरमाथ्याच्या बेटावर. बेटावरच्या प्राण्याला ऊन वाढले की आणखी वर चढायला जागा नसते. गोफर आणि व्होल यांची जोडी मला इथे पुन्हा दिसते.

मागच्या काळातील हवामानबदल वाचून आजचा बदलही प्राणी सोसतील, असे कोणी म्हणाले तर मी ते मान्य करणार नाही. तेव्हा पाऊस शतकानुशतके हटत गेला, आणि रानमांजराला पाटण्यापासून पैठणपर्यंत चालत जायला कुणाची आडकाठी नव्हती. आज नांदगाव तालुक्यात रेल्वेचे मार्ग आहेत, रस्ते रुंद होत आहेत, कांद्याच्या शेतांना तारेची कुंपणे आहेत, वस्तीवस्तीवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. सरकारी दप्तरात माळाची नोंद अजूनही ‘पडीक’ अशी असते, आणि पडीक म्हटले की तिथे खड्डे खणून झाडे लावण्याची मोहीम येते. सावलीच्या झाडांबद्दल मला प्रेमच आहे. ती गावात, शाळेभोवती, रस्त्याकडेला लावावीत. कुसळीच्या माळावर ओळीने ग्लिरिसिडिया लावला, तर लाखो वर्षे उघड्यावर जगलेल्या जिवाच्या वाटेवर आपण भिंत बांधतो. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरचा माळ काळविटांसाठी राखीव झाला, त्याचा फायदा ससा, खोकड आणि उंदरांनाही होतो. तसे तुकडे आणखी हवेत, आणि ते एकमेकांना जोडलेले हवेत. ओढ्याकाठची बोरीची रांग, दोन शेतांमधला रुंद बांध, डोंगराच्या सोंडेवरचे न नांगरलेले गवत एवढ्यानेही जोड टिकते.

माळांची ही वंशावळ वाचायला फार मोठी साधने लागत नाहीत. दोन मांजरांचा देशव्यापी इतिहास विष्ठेच्या शंभरेक नमुन्यांवर उभा राहिला. आकारावरून मांजर, खोकड आणि कुत्रा यांची विष्ठा ओळखता येते असे वाटते, पण खात्री प्रयोगशाळेतच होते. वनखात्याची परवानगी घेऊन, पायवाटेवरचा वाळलेला तुकडा हात न लावता काडीने उचलायचा, कागदी पाकिटात ठेवायचा, त्यावर तारीख आणि जागा लिहायची. जे ऊन हजार वर्षांत हाडातला डीएनए मोडते, तेच इथे चार दिवसांत नमुना कडक वाळवून त्याला वाचवते. पावसाचा एक शिडकावा झाला की तो धुऊन जातो. म्हणून हे काम करायचे ते नांदगावच्या सर्वांत निर्दय महिन्यात, वैशाखात, पहाटे उन्हे तापण्याआधी आणि पहिला वळीव यायच्या आत.